जर्मनीला बायकापोरांसकट जाताना कंपनीकडं काय मागायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे की तुम्ही गोकुळ शिरगावात डिझाईन इंजिनियर, स्टुटगार्टजवळच्या कंपनीची वर्षाला ६२ हजार युरो ग्रॉसची, म्हणजे कापाकापीआधीची, ऑफर हातात आहे, १ ऑगस्टला जॉइन व्हायचंय. रिलोकेशन म्हणून एकरकमी ६ हजार युरो आणि ३० दिवस राहायची सोय. वहिनी सहकारी बँकेत आहेत, मुलगी तिसरीत, मुलगा तीन वर्षांचा, आई कोल्हापुरातच राहणार, कळंब्याच्या फ्लॅटचा हप्ता चालू. सात दिवसांत उत्तर द्यायचंय आणि तुम्ही विचारताय, ६ हजार पुरतील का, आणि जास्त मागितले तर ऑफर काढून तर घेणार नाहीत ना.

आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे कुठल्या खुर्चीत बसून बोलतोय ते कळेल. मी शाहूपुरीचा, पुण्यात एका कंपनीच्या एचआरमध्ये सतरा वर्षं काढली, त्यातली शेवटची बरीच वर्षं माणसं परदेशी पाठवायचंच काम होतं. ही असली पॅकेजेस मी टेबलाच्या त्या बाजूनं लिहिलीत, आणि मग स्वतः बायको आणि दोन पोरं घेऊन जर्मनीला गेलो तेव्हा माझ्यासारख्याच कुणीतरी लिहिलेलं पॅकेज भोगलं पण. आता परत कोल्हापुरात आहे, अधूनमधून लोकांची ऑफर लेटरं वाचून देतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तीच भीती डोक्यात असेल तर बाकीचं काही ऐकू येणार नाही. नाही काढून घेत. निदान माझ्या बघण्यात एकदाही नाही की कुणी नीट, एका मेलमध्ये, कारणासकट मागितलं आणि ऑफर गेली. ब्लू कार्डाच्या, म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसाला तिथं राहून नोकरी करायचा परवाना मिळणाऱ्या, माणसापर्यंत यायला त्या लोकांनी चार-सहा महिने घालवलेले असतात, ते दोन-तीन हजार युरोंसाठी परत पहिल्यापासून सुरू करत नाहीत. वैताग येतो तो हप्त्याहप्त्यानं मागणाऱ्याचा. सोमवारी तिकिटं, बुधवारी शाळा, शुक्रवारी "आणखी एक छोटीशी गोष्ट" असं करणाऱ्याच्या फाईलवर आम्ही पण मनातल्या मनात एक शेरा मारायचो. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा करतात तसं हे नाही बघा, इथं सगळं एकदाच आणि उघड मांडायचं.

आता ६ हजारांचं. पुरणार नाहीत, पण त्याचं कारण रक्कम लहान आहे एवढंच नाही. ते पॅकेज लिहिलंय एकट्या माणसासाठी, जो एक बॅग घेऊन येतो, महिन्याभरात एक खोली बघतो आणि कामाला लागतो. तुमचं तसं नाही. तुमच्या घरात दोनदा जाणं होणार, आधी तुम्ही आणि मग बाकीचे, आणि या दोन तारखांच्या मधे जे काही होईल त्याचा खर्च कुणाचा, यावर तुमच्या लेटरमध्ये एक अक्षर नसणार. ९९ टक्के लेटरांत नसतं. म्हणून माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती आहे, आकडा वाढवून मागण्यापेक्षा तारखेच्या जागी घटना लिहून घ्या. "३० दिवस राहायची सोय" असं नको, "कुटुंबाला कायमचं घर मिळेपर्यंत, जास्तीत जास्त ९० दिवस" असं पाहिजे. "ऑगस्टमध्ये चार तिकिटं" नको, "कुटुंबाचा व्हिसा आल्यावर तीन तिकिटं" पाहिजे. एचआरला ह्यात फारसं काही वाटत नाही कारण कदाचित काहीच जादा खर्च येणार नाही असं त्यांना वाटतं, आणि तुमच्यासाठी मात्र उशिराची जोखीम तुमच्या गळ्यातून त्यांच्या गळ्यात जाते.

एकरकमी पैशाचं अजून एक. ते पगारासोबत येतात म्हणजे त्यावर तिथं पगारासारखाच टॅक्स आणि सोशल सिक्युरिटी, म्हणजे पेन्शन-विम्याची वर्गणी, कापतात. बायकोमुलं अजून भारतात असतील तोवर तुमचा टॅक्स क्लास १, म्हणजे एकट्याचा. ६ हजारांतले हातात साधारण निम्मे येतील, थोडं इकडं-तिकडं. तुम्ही लिहिलंय "सहा लाख म्हणजे बरे आहेत की", तर ते तीन धरा. ह्याउलट बदलीमुळं झालेला प्रवास, सामान हलवणं असला खर्च कंपनीनं बिलावर परत दिला तर जर्मन कायद्यात तो ठराविक मर्यादेत करमुक्त आहे, मुलांच्या जादा शिकवणीचा खर्चसुद्धा त्यात मर्यादेपर्यंत बसतो. फर्निचर आणि डिपॉझिट मात्र बसत नाहीत. म्हणून पहिली मागणी पैशाची नाही, स्वरूपाची आहे: जे बिलावर देता येतं ते बिलावर द्या, आणि जे रोख देणार ते नेट लिहा, म्हणजे टॅक्स कंपनीनं भरायचा. ह्याला एचआरची माणसं ग्रॉस-अप म्हणतात, हा शब्द वापरलात की समोरच्याला कळतं की ह्याला कुणीतरी सांगितलंय.

एक अंदाजी हिशोब मांडतो, आकडे मोठ्या शहराच्या आसपासचे आहेत, लहान गावात घर मिळालं तर कमी होतील. तीन खोल्यांच्या घराचं काल्टमीटे, म्हणजे हीटिंग-पाणी सोडून नुसतं भाडं, १३०० धरूया. डिपॉझिट कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीटे घेता येतं, आणि घेतातच, म्हणजे ३९००. पहिल्या महिन्याचं सगळ्यासकट भाडं १६५०. तीसच्या पुढं अजून एक महिना सर्व्हिस अपार्टमेंट लागलं तर २२००. तिकिटं चौघांची १८०० च्या आसपास. गाद्या, पलंग, टेबल, दिवे, पोरांची थंडीची कपडे मिळून २०००. सामान पाठवणं १५००. आणि किचन २५००. बेरीज साडेपंधरा हजार. हे सगळं पहिल्या चार महिन्यांत जातं, जेव्हा तुमचा हातात येणारा पगार ३१००-३२०० च्या घरात असेल आणि कळंब्याचा हप्ता तर थांबणार नाहीच.

किचनचं वाचून चूक वाटली असेल तर थांबा, तिथं भाड्याच्या घरात बऱ्याचदा किचनच नसतं. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. किल्ली घेतली, आत गेलो, तर स्वयंपाकघरात पांढऱ्या भिंती आणि भिंतीतून बाहेर आलेले तीन पाईप, टोकाला टोपणं घातलेली. आधीचा भाडेकरू आपलं किचन उचलून घेऊन गेला होता. नवीन किचन बसवायला पाच आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. बायकोनं त्या पाच आठवड्यात खिडकीच्या कट्ट्यावर एक इलेक्ट्रिक प्लेट ठेवून वरणभात केला आणि भांडी बाथटबमध्ये, गुडघ्यावर बसून घासली. कंपनीचा अपार्टमेंटचा महिना केव्हाच संपला होता. मी स्वतः एचआरचा माणूस, आणि माझ्या लेटरमध्ये "३० दिवस" लिहिलं होतं ते मी बघून सही केली होती. हे बायको अजून ऐकवते. तेव्हा घर बघताना जाहिरातीत आइनबाउक्यूशे हा शब्द शोधा, म्हणजे बसवलेलं किचन, आणि कंपनीकडं नव्वद दिवसांचं मागणं मागताना हेच कारण द्या, जर्मन एचआरला ते लगेच पटतं कारण त्यांच्याही घरात हे झालेलं असतं.

त्या तात्पुरत्या घराबद्दल अजून एक अट घाला, आणि ही खरंच महत्त्वाची आहे: तिथं आनमेल्डुंग करता आलं पाहिजे. आनमेल्डुंग म्हणजे पालिकेत पत्त्याची नोंद, नियमानं राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि त्याला घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं. हॉटेलवाले आणि बरेच शॉर्ट स्टेवाले ते पत्र देत नाहीत. नोंद नाही तर टॅक्स आयडी नाही, बँकेचं काम अडकतं, किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठी सरकार दर महिन्याला देतं ते पैसे, अडकतं, मुलांच्या शाळेचं अडकतं. आणि टॅक्स आयडी पोस्टानं घरी येतो, पत्रपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन ते पत्र परत नेतो. आपल्याकडं पोस्टमन शेजारच्या पानपट्टीवर विचारून शोधून काढतो, तिथं नाही. पहिल्या दिवशी कागदावर आडनाव लिहून सेलोटेपनं चिकटवा.

आता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठी मागणी. जर्मनीत कुशल कामगारांसाठी फास्ट-ट्रॅक प्रक्रिया आहे, ती तुम्ही करू शकत नाही, तुमच्या वतीनं कंपनीला तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात करावी लागते. फी ४११ युरो. त्या कार्यालयाची पूर्वसंमती आली की इकडं मुंबईच्या वकिलातीत अपॉइंटमेंट तीन आठवड्यांत आणि निर्णय पुढच्या तीन आठवड्यांत अपेक्षित असतो. आणि मुख्य म्हणजे बायकोमुलांचे अर्ज त्याच दरम्यान केले तर ते त्याच प्रक्रियेत धरता येतात. ४११ युरोंत तुमच्या "दोनदा जाण्यातलं" अंतर कमी होतं. कंपनीनं आधी कधी केलं नसेल तर टाळाटाळ करतील, तेव्हा त्यांच्या वकिलाकडून करवून घ्या म्हणा. ही मागणी मान्य झाली तर बाकीच्या छोट्या मागण्यांतल्या एकदोन सोडल्या तरी चालतील असं मी म्हणेन. वहिनींबद्दल चांगली गोष्ट ही की ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनचं सर्टिफिकेट लागत नाही आणि तिथं गेल्यावर नोकरी करायला मोकळीक असते. व्हिसाची फी मोठ्यांना ७५ आणि मुलांना साडेसदतीस युरो, ती फार नाही, पण चौघांची कंपनीच्याच खात्यात टाका.

इथं एक बाजूची गोष्ट. कुठला देश त्यावर कळीचा खर्च बदलतो, म्हणून मित्राचं पॅकेज कॉपी करू नका. ब्रिटनला जाणाऱ्याला घराच्या किचनची काळजी नसते पण हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची फी, असतो, मोठ्यांना वर्षाला १०३५ पौंड आणि मुलांना ७७६, व्हिसाच्या अर्जासोबत सगळ्या वर्षांचा एकदम. चौघांचा तीन वर्षांचा १०,८६६ पौंड होतो. एकानं माझ्याकडं लेटर आणलं होतं त्यात "व्हिसा खर्च कंपनी करेल" असं होतं आणि कंपनी म्हणाली फक्त तुमचा. फॅमिली हा एक शब्द नव्हता त्या ओळीत. काही लाखांचा शब्द.

तारखांकडं येऊ. १ ऑगस्ट ही तारीख तुमच्यासाठी बरी आहे, दोन कारणांनी. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्टच्या राज्यात, शाळा सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतात, म्हणजे पोरगी वर्गात सगळ्यांसोबत पहिल्या दिवशी जाऊ शकते. दुसरं आपल्याकडचा टॅक्स. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याचे त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ पेक्षा कमी दिवस भरले तर तो त्या वर्षाला अनिवासी, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आधी विमानात बसलात तर तिथला पगार इथं दाखवायची भानगड नाही. व्हिसा लांबला आणि ऑक्टोबर उजाडला तर दोन्ही देशांत रिटर्न, दुहेरी कराच्या कराराखाली क्रेडिट, ते सगळं आलं. ते काय जीवघेणं नाही पण राजारामपुरीतल्या नेहमीच्या सीएला दोन जर्मन शब्द शिकवत बसावं लागतं. म्हणून मागणी अशी की पहिल्या वर्षाचं दोन्ही देशांचं रिटर्न भरायला टॅक्स सल्लागार कंपनीनं द्यावा. बहुतेक कंपन्यांचा कुणीतरी ठरलेला असतो, लगेच हो म्हणतात.

तिसरी तारीख कुणी सांगत नाही, ३१ डिसेंबर. कुटुंब भारतात असेपर्यंत तुम्ही क्लास १ मध्ये, ते आले की क्लास ३, म्हणजे कमी टॅक्स कापला जाणारा, मिळू शकतो, तुमच्या पगाराला महिन्याला चारेकशे युरोंचा फरक पडतो. वर्ष संपायच्या आत वहिनी तिथं राहायला आल्या तर एकत्र रिटर्न भरून त्या वर्षाचा बराचसा जादा टॅक्स परत मिळू शकतो. जानेवारीत आल्या तर गेला. किंडरगेल्डपण मुलं तिथं राहायला आल्यावरच, २०२६ पासून मुलामागे महिना २५९ युरो. म्हणजे कुटुंब तीन महिने उशिरा आलं तर नुसत्या दोन पोरांचेच दीड हजारांच्या वर गेले. हा आकडा मेलमध्ये घाला. "लवकर आणायला मदत करा, कारण उशिराचा मला इतका तोटा आहे" हे वाक्य "पैसे वाढवा" पेक्षा दसपट चांगलं चालतं.

मुलीचं जरा सविस्तर सांगतो कारण इथं लोक चुकीची गोष्ट मागतात. सगळे इंटरनॅशनल स्कूल मागतात, त्याची फी वर्षाला पंधरा हजारांच्या पुढं असते, आणि तुमच्या लेव्हलच्या ऑफरला ते मिळत नाही, मागून नकाराने सुरुवात होते. सरकारी शाळा फुकट आहे आणि चांगली आहे. पण तिथं प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते आणि चौथीनंतर पोरं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत जातात. तुमची पोरगी तिसरी पास होऊन जाणार, भाषा शून्य, आणि वर्षभरात हा निर्णय समोर. मी असतो तर तिला एक इयत्ता खाली, परत तिसरीत बसवायला सांगितलं असतं. नवीन आलेल्या मुलांसाठी भाषेचे तयारी वर्ग असतात, आमचा थोरला त्यात होता, पहिले चार महिने घरी येऊन एक शब्द बोलायचा नाही, पाचव्या महिन्यात भावाशी जर्मनमध्ये भांडायला लागला. तर मागायचं काय, मुलीसाठी आणि वहिनींसाठी भाषेची शिकवणी, वर्षभर, बिलावर. शाळेच्या फीच्या मानानं ही रक्कम लहान, एचआरला हो म्हणायला सोपी. आणि ती आत्ता, इथूनच ऑनलाईन सुरू करायला मागा, तिथं पोचल्यावर नको.

धाकट्याला किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, जागा मिळायला रांग असते. त्याची फी स्टुटगार्टच्या राज्यात भरावी लागते. शाळेत न जाणाऱ्या मुलाच्या किटाची फी कंपनीनं पगाराव्यतिरिक्त दिली तर त्यावर टॅक्स नाही. पगार वाढवून मिळत नसेल तिथं हे मागा, कंपनीला शंभर युरो पडले तर तुमच्या हातात शंभरच येतात.

डिपॉझिटचे ३९०० मागू नका. उसने मागा. बिनव्याजी, दहा-बारा हप्त्यांत पगारातून कापा म्हणावं. पैसा परत येणार म्हटल्यावर मॅनेजरच्या सहीवर काम होतं, वरपर्यंत जावं लागत नाही. कर्जाची बाकी २६०० युरोंपर्यंत असेल तर बिनव्याजी असल्याबद्दल वेगळा टॅक्सपण नाही, आणि डिपॉझिट कायद्यानं तीन मासिक हप्त्यांत देता येतं, तेव्हा २६०० मागितले तरी भागतं. घर शोधायला एजंटचे दोन-तीन दिवस मागा. नवीन माणसाचा तिथं क्रेडिट रेकॉर्ड नसतो, पगाराच्या तीन स्लिपा नसतात, घरमालक पन्नास अर्जांतून तुमचा का उचलेल? कंपनीचं पत्र आणि जर्मन बोलणारा माणूस सोबत असेल तर उचलतो.

सामानाबद्दल थोडक्यात. कंटेनर मागू नका, त्याऐवजी जादा बॅगा आणि थोडं फर्निचरचं मागा. आपला मिक्सर तिथं चालतो, व्होल्टेज तेच आहे, फक्त पिन बदलायची. तूप, खवा, पेढे नेऊ नका, बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ न्यायला युरोपात बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. कांदा-लसूण चटणी बिनधास्त न्या, नीट पॅक करून, नाहीतर सगळ्या स्वेटरांना वास लागतो आणि ऑफिसात पहिल्या दिवशी ओळख होते.

आईंचं अवघड आहे आणि त्याला गोड उत्तर माझ्याकडं नाही. तुमच्या तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात बायकोमुलं फुकट येतात, आई येत नाहीत. फिरायला म्हणून १८० दिवसांत ९० दिवस येऊ शकतात. १ मार्च २०२४ नंतर ज्यांना पहिला परवाना मिळाला त्यांच्या आईवडिलांना कायम आणायची तरतूद झालीय, पण त्यांचा खर्च आणि आरोग्य विमा तुम्ही उचलू शकता हे दाखवावं लागतं आणि त्या वयाला विमा मिळणं हीच खरी अडचण. कंपनीकडून ह्यात एकच गोष्ट मिळू शकते, ती मागा: वर्षाला एकदा कुटुंबाचं घरी यायचं तिकीट, किंवा ते नाही म्हणाले तर दोन वर्षांत एक आपत्कालीन तिकीट, आईवडिलांच्या आजारपणासाठी. मी हे दुसरं मागितलं नव्हतं. वडील सीपीआर हॉस्पिटलला ॲडमिट झाले तेव्हा आदल्या रात्री काढलेलं तिकीट एवढं महाग पडलं की त्या महिन्याचं घरभाडं क्रेडिट कार्डावर गेलं.

शेवटी लेटरची मागची पानं, जी कुणी वाचत नाही. तिथं परतफेडीचं कलम असणार, २४ महिन्यांत नोकरी सोडली तर रिलोकेशनचा सगळा खर्च परत. ते काढत नाहीत, पण दोन बदल होतात. एक, दर महिन्याला चोविसावा भाग कमी व्हावा, म्हणजे विसाव्या महिन्यात सोडलं तर चारच महिन्यांचं द्यायचं. दोन, नोकरी कंपनीनं संपवली किंवा कुटुंबाला व्हिसा नाकारला म्हणून तुम्ही परतलात तर काही द्यायचं नाही. हे दुसरं सोडू नका. तिथं प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असतो आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं. तुम्ही पोरीचा इथला दाखला काढलेला असणार, वहिनींची नोकरी सुटलेली असणार, आणि दोन आठवडे. म्हणून परतीचंपण लिहून घ्या, प्रोबेशनमध्ये कंपनीनं काढलं तर चौघांची परतीची तिकिटं आणि सामान कंपनीच्या खर्चानं. हे विचारायला लोक लाजतात, अपशकून वाटतो. एचआरला नाही वाटत. आणि वहिनींना बँकेत राजीनामा देण्याआधी वर्षाची बिनपगारी रजा मिळते का ते विचारू द्या, नाही म्हणाले तर मग बघू.

मेल कसा लिहायचा. आधी फोन, ज्यानं तुमची निवड केली त्या मॅनेजरला, एचआरला नाही. "ऑफर मला मान्य आहे, कुटुंब सोबत आणतोय, त्याबद्दल उद्या एचआरला एक मेल पाठवतोय, तुम्हाला कॉपी करू का?" एवढंच. मग मेलमध्ये पगाराचा विषय काढू नका, एकदा ६२ ठरले ते ठरले. पहिल्या ओळीत ऑफर मान्य असल्याचं, दुसऱ्यात चौघं येतोय हे, मग तीन गोष्टी ज्या लागणारच: फास्ट-ट्रॅक चौघांसाठी, नोंदणी करता येईल असं तात्पुरतं घर कुटुंबाला घर मिळेपर्यंत, आणि परतफेडीच्या कलमातले दोन बदल. त्यानंतर ज्या मिळाल्या तर बऱ्या: शिकवणी, उसने डिपॉझिट, टॅक्स सल्लागार, आपत्कालीन तिकीट. एकरकमी ६ हजार आहेत तेवढेच ठेवा म्हणा, फक्त नेट करा. हे वाचून समोरच्याला वाटतं की ह्यानं आकडा वाढवलाच नाही. आणि "आमच्या पॉलिसीत बसत नाही" असं उत्तर आलं तर वाद न घालता विचारा, कुठल्या हेडखाली बसेल? आम्ही पण हेच ऐकायची वाट बघायचो. तिकिटांचं बजेट वेगळं असतं, ट्रेनिंगचं वेगळं, एका डब्यात नसलं तर दुसऱ्या डब्यात असतं.

फोनवर हो म्हणाले म्हणून सही करू नका, सुधारलेलं लेटर पीडीएफमध्ये येऊ द्या. सात दिवसांतले दोन गेले असतील, मुदत दोन-चार दिवस वाढवून मागितली तर देतात.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. तुमची इथली कंपनी आणि ती जर्मन कंपनी एकाच ग्रुपच्या आहेत का, आणि तुमचा करार जर्मन कंपनीशी नव्यानं होतोय की इथली कंपनी तुम्हाला पाठवतेय? पाठवत असेल तर भारत-जर्मनी सोशल सिक्युरिटी करार लागू होतो, १ मे २०१७ पासूनचा, इथला पीएफ चालू ठेवून ईपीएफओचं सर्टिफिकेट नेलं की ४८ महिन्यांपर्यंत तिथलं पेन्शन कापत नाहीत, आणि मग वरचे अर्धे हिशोब बदलतात. परवानापण ब्लू कार्डाऐवजी वेगळा असू शकतो. लेटरच्या पहिल्या पानावर एम्प्लॉयर म्हणून कुणाचं नाव आहे तेवढं बघून सांगा.